मोफत कॉलेजचं माझं बिल

९ जानेवारी

आजपासून रोजनिशी. आमदार झालेल्या माणसाने ठेवावी. कुणाला दाखवायची नाही. लिहिल्याने विचार स्पष्ट होतात म्हणे. माझे आधीच स्पष्ट आहेत, पण असू दे.

पेल क्रीकचे आमदार ऑर्विल क्रम्प नाताळच्या आधी वारले. उरलेल्या मुदतीसाठी गव्हर्नरने माझी नेमणूक केली. माझ्याआधी तिघांना विचारलं होतं आणि तिघांनी नाही म्हटलं, असं नोरीन सांगते. म्हणजे तिघांना आपापली पायरी ओळखता आली.

अधिवेशन संपेपर्यंत कार्पेटचं दुकान नोरीनने बघायचं ठरलं. तिला तसं सांगितलं. आत्ता कोण बघतंय, असं तिने विचारलं. बायकोचा विनोद तीस वर्षांनीही कधीकधी कळत नाही.

संकल्प: विधानसभेत एकच बिल आणायचं. राज्यातल्या सगळ्या सरकारी कॉलेजांत राज्यातल्या मुलांना शिक्षण मोफत. नोरीनने कारण विचारलं नाही, पण इथे लिहून ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावच्या सरकारी कॉलेजच्या लायब्ररीत कार्पेट घालायचं काम घेतलं होतं. रोज सकाळी गेलं की जमिनीवर पोरं झोपलेली. रात्रपाळी करून आलेली, पहिल्या तासाची वाट बघत. उठवावी लागायची. एका मुलाला उठवायचं जिवावर आलं, म्हणून त्याच्या कडेकडेने कार्पेट घातलं आणि तो उठल्यावर राहिलेला तुकडा जोडला. जोड दिसत नाही.

१३ जानेवारी

शपथ झाली. माझी जागा शेवटच्या रांगेत, खांबामागे. मुत्सद्दी माणसाला हीच जागा योग्य. आपण सगळ्यांना दिसत नाही. सगळे आपल्याला दिसत नाहीत हेही खरं, पण आवाज येतो.

बिल दाखल केलं. पहिलंच वाक्य: 'राज्याच्या महाविद्यालयांतील शिक्षण मोफत असेल.' लिहून देणाऱ्या वकीलबाईंनी विचारलं, पैसे कुठून येतील हे पुढच्या कलमात घालायचं का. म्हटलं, कायदा सुटसुटीत असावा.

१५ जानेवारी

बॉइड लॅथ्रप यांनी स्वतः भेटायला बोलावलं. शिक्षण समितीचे अध्यक्ष, आमच्याच पक्षाचे, तीस वर्षं आमदार. इतकं हळू बोलतात की ऐकायला आपल्याला वाकावं लागतं. सगळी विधानसभा त्यांच्यापुढे वाकलेली का दिसते, ते कळलं.

म्हणाले, असं बिल कुणीतरी आणावं म्हणून मी कधीपासून वाट बघतोय. एक शब्द मात्र खटकतो. 'मोफत'. लोकांना वाटतं फुकटच्या वस्तूत काही खोट असते. त्याजागी 'परवडणारं' केलं तर?

मी विचार करून होकार दिला. सबंध बिलात एक शब्द बदलला, बाकी सगळं शाबूत. शिवाय त्यांनी मला 'आर्डेन' अशी हाक मारली. ओळख करून दिली नव्हती. कोटावर नावाची पट्टी होती, पण ती त्यांनी वाचली असेल असं वाटत नाही.

२० जानेवारी

आमच्या कॉलेजची मुलं व्हॅन करून राजधानीला आली. त्यांची पुढारी इत्झेल काब्रेरा. वय बावीस, बारीक अंगाची, डोळ्यांवर झोप. पहाटे अंड्यांच्या कारखान्यात काम करते. तिथे अंडी फोडून बलक पिंपांत भरतात आणि बेकऱ्यांना पाठवतात. तिचे वडीलही तिथेच, त्याच सरकत्या पट्ट्यावर. तिला केमिस्ट्रीची शिक्षिका व्हायचंय. आमच्या हायस्कुलात सध्या केमिस्ट्री व्यायामाचे सर शिकवतात. प्रयोग कमी होतात, पण मुलं काटक आहेत.

मी मुलांना माझ्या लढ्याची माहिती दिली. सगळ्यांनी ऐकलं. मग इत्झेलने विचारलं, 'परवडणारं' म्हणजे किती, हे बिलात कुठे लिहिलंय. मी म्हटलं, त्याची व्याख्या यथावकाश येईल.

ती म्हणाली, "मिस्टर स्विहार्ट, माझं शेवटचं वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होतं. यथावकाश म्हणजे त्याच्या आधी की नंतर?"

हुशार मुलगी. राजकारणाचा अनुभव नाही, एवढंच.

२ फेब्रुवारी

बिलाची सुनावणी उद्या. भाषणाची तालीम दुकानात, कार्पेटच्या गुंडाळ्यांमध्ये उभं राहून केली. आवाज असा भरदार लागला की मलाच गहिवरून आलं. नोरीन म्हणाली, इथे बरा लागतो, कारण अर्धा आवाज कार्पेट खातं.

३ फेब्रुवारी

सुनावणी. आमच्या आधी शाळेच्या बसच्या पिवळ्या रंगाचं बिल होतं. कुठला पिवळा, यावर जेवणाची सुट्टी उलटून गेली. आमची पाळी आली तोवर समितीचे निम्मे सदस्य उठून गेले होते. उरले ते ऐकणारे, असं मी मानलं.

माझं भाषण उत्तम झालं. एका सदस्याने विचारलं, या सगळ्याला खर्च किती येईल. मी म्हणालो, वाटतो त्याहून कमी. तो म्हणाला, किती वाटतोय? मी म्हणालो, ते ज्याच्या-त्याच्या स्वभावावर आहे. लोक हसले. सभागृह जिंकणं म्हणतात ते हेच असावं.

मग इत्झेल बोलली. थोडकंच. म्हणाली, माझ्या वर्गात सुरुवातीला जी मुलं होती त्यांतली निम्मी आता माझ्याबरोबर अंडी फोडतात. ती नापास झाली नाहीत. त्यांची फी नापास झाली. लॅथ्रपसाहेबांनी चष्मा पुसला. मला वाटतं माझ्या भाषणाचा परिणाम तेव्हा जाणवायला लागला होता.

१० फेब्रुवारी

बिल समितीत मंजूर. पहिल्या प्रयत्नात. नोरीनला फोन केला. ती लुथेरन चर्चच्या हॉलमध्ये मापं घेत होती. माझं बोलणं होईपर्यंत टेपचं दुसरं टोक पाद्रीबाबांनी धरलं म्हणे.

किरकोळ दुरुस्त्या झाल्या. 'परवडणारं' हा शब्द मोघम आहे असं लॅथ्रपसाहेबांनी दाखवून दिलं. आता बिलात असं आहे की दोन वर्षं फी महागाईपेक्षा जास्त वाढवायची नाही. आणि पैसा मर्यादित असल्याने हे फक्त लहान गावांतल्या कॉलेजांना लागू. पाच हजार वस्तीच्या आतली गावं. खेड्यापाड्यांचा विचार कुणी करत नाही, आर्डेन, असं साहेब म्हणाले, तेव्हा मीच पुढे होऊन दुरुस्तीच्या बाजूने हात वर केला.

१२ फेब्रुवारी

इत्झेलचा फोन. पेल क्रीकची वस्ती सहा हजारांच्या वर आहे, असं तिने सांगितलं. म्हणजे बिलातून आमचंच कॉलेज सुटलं.

हे माझ्या लक्षात आलेलं होतं. म्हणजे, यायचं होतं. तिला धीर दिला की गावाची वस्ती घटतेच आहे. नोरीनचा भाऊ सहकुटुंब जायचं म्हणतोय. लाइन तुटली की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"पाच हजाराच्या आत आपल्या राज्यात एकाही गावात सरकारी कॉलेज नाहीये," इत्झेल म्हणाली. "मी नकाशा बघितला."

संकल्प: मुख्य सभागृहात हा आकडा बदलून घ्यायचा. लॅथ्रपसाहेबांशी बोलतो. नजरचुकीने झालं असणार.

१७ फेब्रुवारी

बोललो. साहेबांना फार वाईट वाटलं. आकडा बदलू म्हणाले. त्याआधी त्यांच्या एका बिलाला माझं मत हवं होतं: बिटाची साखर हा राज्याचा अधिकृत गोडवा. दिलं. भाषणही केलं. माझ्या आईने आयुष्यभर बिटाची साखर वापरली, असं सांगितलं. खरं तर तिला मधुमेह होता. पण घरात साखर असायची.

आज दुपारी कँटीनमध्ये चिलीची तिखट आमटी आणि दालचिनीचा गोड रोल खाताना दोन आमदार माझ्या टेबलाशी येऊन बसले. गोडव्यावरचं भाषण आवडलं म्हणाले. माझं वजन वाढतंय. कोटही तेच सांगतो.

५ मार्च, संध्याकाळ

आज बिल मुख्य सभागृहात आलं. गॅलरीत इत्झेल आणि आठ-दहा मुलं. ती पहाटेची पाळी करून तशीच आलेली. मी खांबाआडून हात केला. दिसला नसावा.

आकड्याची दुरुस्ती मी मांडली. लॅथ्रपसाहेबांनी शब्द पाळला. पाचाचे दहा हजार झाले. पेल क्रीक आत आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, सभापतींनी दटावलं. मला खाली मान घालून बसावं लागलं, डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून.

मग बरीच गडबड झाली. कुणी उठत होतं, कुणी बसत होतं. सभापती भरभर वाचत होते. समोरच्या मोठ्या बोर्डावर माझ्या बिलाचा नंबर लागला. मी चष्मा शोधत होतो. लॅथ्रपसाहेब मागे वळून म्हणाले, "आर्डेन, तुझ्याच बिलावर मतदान चाललंय."

मी हिरवं बटण दाबलं.

एका मताने जिंकलो. एका मताने. म्हणजे शब्दशः माझ्या मताने. गॅलरीकडे बघितलं तर मुलं उठून चालली होती. व्हॅन परत द्यायची असेल.

६ मार्च

ते मतदान बिलावर नव्हतं.

बिल खर्च समितीकडे परत पाठवावं अशी कुणीतरी सूचना मांडली होती. तिच्यावर मतदान होतं. खर्च समितीकडे या मोसमात गेलेलं काही परत येत नाही, हे म्हणे इथल्या शिपायांनाही ठाऊक आहे. शिपायाला विचारलं. त्याला ठाऊक होतं.

लॅथ्रपसाहेबांना गाठलं. म्हणाले, मी तर खरं तेच सांगितलं होतं. आठवून बघितलं. खरं तेच सांगितलं होतं.

इत्झेल बाहेर पायऱ्यांवर भेटली. मुद्दाम परत आली होती. मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे. समितीत आणखी सखोल विचार होईल. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावलेली नव्हती, तेच बरं नाही वाटलं.

"तुम्हाला कळलं नव्हतं, की कळून दाबलंत?" ती म्हणाली. "यातलं कुठलं बरं, तेच मला ठरवता येत नाहीये."

मी म्हटलं, कळलं नव्हतं. हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली, आणि व्हॅनकडे गेली.

गाडी चालवत घरी आलो. रेडिओ लावला नाही. पाय फार दुखले. बूट नवे आहेत.

२ एप्रिल

बिल परत आलं. लोक काहीही म्हणतात.

आता त्याचं रूप ठरावाचं आहे. 'सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या चिकाटीचं हे सभागृह कौतुक करते.' एकमताने मंजूर, एकही विरोधी मत नाही. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. तीस वर्षांत कुणा नव्या आमदाराच्या बाबतीत असं झालं नाही, असं लॅथ्रपसाहेब म्हणाले. ठरावाच्या प्रती सोनेरी चौकटीत मिळाल्या. एक दुकानात लावली, फरशीच्या नमुन्यांच्या वर.

नोरीनने वाचला. पुन्हा वाचला. मग म्हणाली, "आर्डेन, त्यांच्याकडे चिकाटी होतीच. पैसे नव्हते."

मग गिऱ्हाईक आलं.

२४ एप्रिल

अधिवेशन संपलं. कॉलेजांच्या मंडळाने पुढच्या वर्षाची फी वाढवली. नऊ टक्के. माझा ठराव आडवा येण्यासारखा नव्हता.

नोरीनला इत्झेल वाण्याच्या दुकानात भेटली. ऑगस्टमध्ये कॉलेजला नाव घालणार नाही म्हणाली. कारखान्यात पूर्ण वेळ काम घेतलंय. नोरीनने मला हे सांगितलं आणि दुकानाचा हिशेब घेऊन बसली.

संकल्प: मुलीला भेटायचं. उमेद द्यायची.

२९ एप्रिल

भेटलो. कारखान्याच्या मागच्या दाराशी, तिच्या सुट्टीच्या वेळात. डोक्याला जाळी, कोपरापर्यंत बलक वाळलेला. मी चौकटीतली एक प्रत बरोबर नेली होती. विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून तिचा हक्क होता.

तिने हात पुसले आणि ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एवढा नीट मीही वाचला नव्हता. मग विचारलं, यात फी हा शब्द कुठे आहे. मी म्हटलं, अध्याहृत आहे. ती हसली. मला बरं वाटलं, मीही हसलो.

मग ती म्हणाली, "मी उभी राहतेय, मिस्टर स्विहार्ट. तुमच्या जागेवर, आपल्याच पक्षाकडून. बाहेरून कळण्याआधी तुमच्या कानावर घालायचं होतं."

मी अभिनंदन केलं. मनापासून. माझ्या कामातून प्रेरणा घेऊन तरुण पिढी पुढे येते आहे, याहून मोठी पावती कुठली? शिवाय समोर कुणी उमेदवार असला की निवडणुकीला रंग येतो. चौकट तिने परत दिली. म्हणाली, घरात भिंती कमी आहेत.

१५ जून

प्रचार जोरात. आमच्या भागात समोरचा पक्ष उमेदवारच देत नाही, त्यामुळे ऑगस्टची पक्षातली निवडणूक हीच खरी. माझी घोषणा: 'अनुभवी स्विहार्ट.' नोरीनने विचारलं, कशातला. बोर्डावर जागा नव्हती.

माझा अंदाज: शेतकरी माझे, चर्च माझं, बिटवाले तर नक्कीच. तिची फक्त पोरं. आणि पोरं मतदानाला उठत नाहीत. झोपलेली असतात.

हे लिहून वही मिटली.

९ जुलै

लॅथ्रपसाहेबांनी प्रचाराला येतो म्हणून कळवलं होतं. आले. भाषणात मला 'आपल्या विधानसभेचा गोडवा' म्हणाले. लोक हसले. घरी येताना नोरीनला म्हटलं, बघ, त्यांना माझ्याबद्दल किती आपुलकी. ती गाडी चालवत होती. गाडी बाजूला घेतली, थांबवली.

"त्या माणसाने तुझं बिल तुझ्याच हाताने मारलं," ती म्हणाली. "आणि तू त्याला घरी बसवून चेरी-पाय खायला घातलास. मी इत्झेलला मत देणार आहे, आर्डेन. तो चेरी-पाय मी भाजलेला होता."

मत गुप्त असतं, अशी आठवण करून दिली. ती म्हणाली, माझं नाही.

दहा-बारा वर्षांत नोरीन एवढं सलग बोललेली नाही. घरी आल्यावर तिने जेवण वाढलं. नेहमीसारखं. मीही नेहमीसारखं जेवलो, पण चव लागली नाही.

३१ जुलै

इत्झेलची सभा गावच्या बागेत. सहज तिकडून चाललो होतो म्हणून थांबलो. झाडामागे. सवय.

तिने विरोधकावर टीका केली नाही. माझं नावही घेतलं नाही. पैसे कुठून आणायचे, कुठलं कलम, कुणाची मतं लागतील, कोण काय मागेल आणि त्याला काय द्यायचं नाही, ते सांगितलं. व्यायामाचे सर पुढच्या रांगेत होते. मान डोलवत होते. त्यांना केमिस्ट्रीतून सुटायचंय.

भाषण कोरडं होतं. आकडे फार. माझ्यासारखं काळजाला हात घालणारं नाही. तरी शेवटपर्यंत थांबलो. ऊन होतं आणि झाडाची सावली चांगली होती.

१२ ऑगस्ट

आज मतदान. विजय नक्की. आभाराचं भाषण तयार. दुकानात तालीम केली नाही. परसात केली.

१३ ऑगस्ट, सकाळ

पडलो. थोड्याने नाही.

अंदाज चुकला. पोरं उठली होती. बिटवालेही तिकडेच गेले, त्यांच्याही पोरांना कॉलेज असतंच.

आभाराच्या भाषणात थोडे बदल करून ते पराभव स्वीकारण्याचं भाषण करता येईल. मोठ्या मनाने प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन हात मिळवायचा. लोक अशा गोष्टी लक्षात ठेवतात. नोरीन म्हणाली, जा. भाषण घरी ठेव.

१३ ऑगस्ट, संध्याकाळ

भाषण खिशात घालूनच गेलो.

काब्रेरांच्या अंगणात गर्दी. मांस भाजण्याचा धूर, पोरांचा आरडाओरडा. इत्झेल कुणाच्या तरी गराड्यात होती, मला दिसलीच नाही. दाराशी एक माणूस लोखंडी खुर्च्या उलगडत होता. साठीचा, दंड जाड, मनगटांना भाजल्याचे डाग. एलादियो काब्रेरा, तिचे वडील. ते मला ओळखत नव्हते. माझ्या बोर्डावर फोटो नव्हता.

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या हातात दोन खुर्च्या दिल्या. उलगडल्या. मग आणखी. मग आम्ही दोघांनी मिळून लांब टेबल हलवलं. त्यांनी विचारलं, काम काय करता. म्हटलं, कार्पेटचं. चांगला धंदा आहे म्हणाले, लोक सुखाने चालतात. मग मला बसवलं आणि ताट भरून आणलं. मांस, तांदूळ, हिरव्या मिरचीची चटणी. स्वतः शेजारी बसले.

"आमच्या इत्झेलबरोबर पहिल्यापासून आहात?" त्यांनी विचारलं.

"जानेवारीपासून," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, पोरगी वर्षभर कॉलेज सोडून बसणार होती, पण काल मतमोजणी चालू असतानाच तिने संध्याकाळच्या दोन विषयांना नाव घातलं. हरले तर वर्ष फुकट जायला नको म्हणाली. आता दोन्ही करणार. आमदारकीही आणि केमिस्ट्रीही. फी कशी भरायची ते बघू, म्हणाले. कारखान्यातल्या सगळ्यांनी थोडं थोडं काढलंय.

मी चटणी खात होतो. तिखट होती.

"समोर कोण उभा होता, मी कधी बघितला नाही," ते म्हणाले. "पण माणूस वाईट नव्हता, असं तीच सांगते. नुसता भोळा होता म्हणे."

मी म्हणालो, मीही तसंच ऐकलंय.

ते आणखी मांस आणायला उठले. मी खिशातलं भाषण काढून ताटाखाली सारलं, टेबल डुगडुगत होतं म्हणून.